बांधावरच्या दोन रांगा

११ मे

बाबा,

पत्राच्या सुरुवातीला 'तीर्थरूप' लिहायचं असतं एवढं शाळेतलं आठवतंय, त्यापुढे काय यायचं ते आठवत नाही. तेव्हा सरळ नमस्कार. आईलाही.

फोन तुम्ही उचलत नाही. मागे एकदा उचललात तेव्हा मी बरंच बोललो आणि तुम्ही फक्त "हं" म्हणालात. शेवटी माझा रिचार्ज संपला, तुमचं "हं" काही पुढे सरकलं नाही. म्हणून पत्र. निदान मध्येच कापता येत नाही.

मी ठीक आहे. ट्रकवरचं काम सोडलं. त्याआधी वीटभट्टीचं सोडलं होतं, ते आईने सांगितलं असेल. आता एका संत्र्याच्या बागेत आहे. राहायला शिंप्याच्या दुकानावरची खोली मिळाली. जिना बाहेरून, लोखंडी, वरची पायरी हलते. खाली शिलाई मशीन चालू झालं की माझ्या ग्लासातल्या पाण्यात गोल रेषा उठतात. शिंपी भला माणूस आहे, फक्त माप घेताना प्रत्येकाच्या पोटाबद्दल काहीतरी बोलतो, त्यामुळे गिऱ्हाईक कमी.

काय सांगत होतो? काम. काम किडीचं आहे. म्हणजे झाडांना कीड लागू द्यायची नाही. हे वाचून तुम्ही आईकडे बघून मान हलवलीत, ते मला इथून दिसतंय. ज्या कामावरून पळाला, गावोगाव हिंडून त्याच कामावर येऊन पडला. तसंच आहे. फक्त इथे फवारणीचा पंप नाही. का नाही ते नंतर लिहीन.

मालकीण आहेत त्यांना सगळे काकू म्हणतात. बोलताना त्या समोरच्याकडे न बघता झाडाकडे बघतात, त्यामुळे बोलणी आपल्याला बसतायत की झाडाला ते पटकन कळत नाही. पहिल्या दिवशी विचारलं, "आधी काय काय केलंस?"

मी सांगितलं. ट्रक, भट्टी, मध्ये थोडे दिवस एका सर्कशीत खुर्च्या मांडल्या तेही सांगितलं.

"टिकलास कुठे?"

"अजून तरी कुठेच नाही."

"खोटं बोलत नाहीस म्हणजे. चावून घ्यायची तयारी आहे?"

मला वाटलं कुत्रं असेल. हो म्हणालो.

आता सांगूनच टाकतो, नाहीतर पोटात दुखत राहील. मुंग्या आहेत. लाल, लांब पायांच्या, झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या. काका, म्हणजे काकूंचे यजमान, गेले त्या वर्षापासून काकूंच्या बाजूला औषधाचा थेंब पडलेला नाही. फळात सोंड खुपसणारे हिरवे ढेकूण, फळमाशी, पानं खाणाऱ्या अळ्या, जे येईल त्याला मुंग्या धरतात, ओढतात, नाही धरता आलं तर हाकलून देतात. मी मुंग्यांचा हरकाम्या.

बाग मात्र अर्धीच काकूंची. मधोमध मातीचा बुटका बांध, पलीकडची बाजू त्यांच्या दिराची. काकू त्यांना भाऊजी म्हणतात म्हणून गडीमाणसंही भाऊजी म्हणतात, मीसुद्धा, नातं ना गोतं. भाऊजी फवारणीवाले. माल दोन्हीकडचा एकत्र विकला जातो, म्हणून त्यांनी काकूंना यंदा शेवटचं सांगितलंय. यंदा काकूंचा माल त्यांच्या मालाइतका स्वच्छ उतरला तर मुंग्या राहतील. नाही तर पुढच्या हंगामापासून ट्रॅक्टरवरचा ब्लोअर दोन्ही बाजूंना औषधाचं धुकं उडवत फिरणार.

बस स्टँडवर तुम्ही म्हणाला होतात, "पंप उचलशील त्या दिवशी घरी ये." ते विसरलेलो नाही. पंप नसलेल्या बागेत बसून हे लिहितोय, एवढंच कळवायचं होतं.

आईला सांगा, जेवतो.


२ जून

बाबा,

उत्तर आलं नाही. पोस्टातला माणूस मला आता लांबूनच हात हलवून 'नाही' सांगतो, त्याचीही चक्कर वाचते.

मुंग्या शिवतात कशा ते तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही जन्मभर त्यांच्यावर औषध मारलंत, पण बघायला सवड कुठे होती. आधी एक रांग पानाची कड धरते, दुसरी कड लांब असेल तर एकमेकींची कंबर पकडून साखळी करतात आणि ओढतात. दोन कडा भिडल्या की आतून काही मुंग्या स्वतःची पिल्लं, म्हणजे अळ्या, तोंडात धरून आणतात. त्या अळीच्या तोंडातून रेशीम निघतं. अळी या कडेला टेकवायची, त्या कडेला टेकवायची, परत या कडेला. पोरंच सुईदोरा. मी हे शिंप्याला सांगितलं. तो दातांनी दोरा तोडत म्हणाला, "माझा पोरगा तर बटणसुद्धा लावून देत नाही."

काम असं. रानातल्या झाडांवरची घरटी फांदीसकट कापून पोत्यात घालायची आणि बागेत आणून टांगायची. पोत्याचं तोंड बांधेपर्यंत कोपरापर्यंत चावतात. हाताला राख चोळली की जरा कमी. मग झाडाझाडांत सुतळ्या बांधायच्या, म्हणजे त्यांना जमिनीवर न उतरता या झाडावरून त्या झाडावर जाता येतं. पुष्कळ झाडं मिळून एकाच राणीची असतात. काकू त्याला घराणं म्हणतात. "हे बांधाकडचं घराणं, ते विहिरीकडचं घराणं," असं बोलतात, जणू सोयरीक जमवायची आहे.

आता घोटाळा सांगतो. विहिरीजवळच्या एका रांगेत मुंग्या विरळ दिसत होत्या. शेजारच्या रांगेत मात्र नुसती गर्दी. काकू बाजारात गेलेल्या. मी विचार केला, इकडची गर्दी तिकडे जाऊ दे, मदत होईल. बांधली सुतळी. ताणून, छान गाठ मारून. स्वतःवरच खूश झालो आणि विहिरीवर पाय धूत बसलो.

परत आलो तर सुतळीवर दोन्हीकडून मुंग्या, मधोमध गोळा झालेला. एकीचे सहा पाय सहा जणी धरून ओढतायत. खाली गवतावर लाल भुसा सांडल्यासारखं दिसत होतं. तो भुसा नव्हता. मी सुतळी तोडली, पण तोवर त्या खोडावरून उतरून जमिनीवरून भिडल्या होत्या. पुढे दोन दिवस तेच. विरळ घराणं होतं ते संपलं.

काकू आल्या, बघितलं.

"कुणाला विचारून बांधलीस?"

"वाटलं, मदत जाईल."

"गेली ना मदत! अरे, दोन घरच्या सासवा एका स्वयंपाकघरात कोंडल्यास आणि वर कडी घातलीस!"

मग झाडाकडे बघत बराच वेळ बोलल्या. या वेळी ते झाडाला नव्हतं हे कळलं.

आधी पारखायचं असतं म्हणे. या झाडावरची मुंगी काडीवर घ्यायची, त्या झाडावर सोडायची. त्यांनी मिशा लावून बघितलं आणि वाट दिली, तर घरची. पाय धरले, तर परकी. हे मला आधी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाल्या, "सुतळीला हात लावशील असं वाटलं नव्हतं. सगळ्या कामांना कंटाळतोस ना तू?"

आता ती रांग रिकामी आहे. मुंग्या नाहीत म्हणजे दार उघडं.

तुमचा मुलगा (लिहायची पद्धत असते म्हणून).


२४ जून

बाबा,

कार्ड मिळालं! पोस्टातल्या माणसाने या वेळी दोन्ही हात हलवले.

"मुंग्या मावा पाळतात. मग पाने चिकट, नंतर काळी. फळही काळे. बाईंना माहीत आहे का." एवढंच. ना खुशाली, ना सही. पण काकूंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना कळतं." माहीत आहे त्यांना. मुंग्या माव्याची बारीक कीड गायीगुरांसारखी पाळतात, तिचा गोड रस चाटतात, हे खरं. म्हणून जिथे फार चिकट झालं ती फांदी आम्ही छाटतो, बाकीवर साबणाचं पाणी. मावा थोडा राहू द्यावा लागतो, नाहीतर मुंग्या रुसून जातात.

तुमचं अक्षर वाकडं आलंय. बसमध्ये लिहिलंत का?

इकडे मात्र बरं नाही. रिकाम्या रांगेत हिरवे ढेकूण शिरले. सुपारीएवढी फळं, त्यात सोंड घालून रस ओढतात, आणि फळ पिवळं पडून गळतं. काल भाऊजी आले, खिशातून मूठभर गळलेली फळं काढली आणि काकूंच्या ओट्यावर ठेवली. ती घरंगळून खाली गेली. मी उचलायला वाकलो.

"वहिनी, हे तुमच्या सैन्याचं काम."

"सैन्याचं नाही, या सेनापतीचं," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट केलं.

"कुणाचंही असो. माझ्या कडेच्या झाडांवरही ढेकूण दिसायला लागलेत. मी ब्लोअर बोलावतोय."

"बोलवा की. तुमची बाजू, तुमचं औषध. पण ब्लोअरच्या धुक्याला बांध कळतो का भाऊजी?"

"थोडं उडणारच. थोड्याने काय होतं?"

"मुंगीला थोडंच पुरतं."

भाऊजी वाईट माणूस नाही. जाताना मला म्हणाले, "तू तरी समजाव त्यांना. तरुण आहेस." मी तरुण असण्याचा आणि समजावण्याचा काय संबंध ते कळलं नाही, पण मान डोलावली.

बाबा, अडचण नीट सांगतो. बांधाकडचं घराणं सगळ्यांत मोठं आहे, काकूंची निम्मी बाजू तेच सांभाळतं. आणि त्याची राणी बांधापासून दुसऱ्याच झाडावर आहे, वरच्या घरट्यात. घरटं दुसरीकडे हलवताना राणी हाती लागेलच असं नसतं, मेली तर दुसरी होत नाही. असलेल्या मुंग्या हळूहळू संपतात आणि झालं. बांधाच्या पलीकडे ब्लोअर फिरला आणि धुकं त्या झाडावर आलं, तर निम्मी बाग ढेकणांना मोकळी. मग उतरणारा माल कसा असेल ते सांगायला नको. काकूंच्या मुंग्या गेल्याच.

काकूंनी मला विचारलं, "धुकं अडवता येतं का काही करून?"

मी म्हणालो, "मला नाही माहीत. माहीत असणारा एक माणूस आहे."

तेव्हा विचारतो. धुकं कसं अडवायचं?


३ जुलै

बाबा,

एवढं लांब तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हता. कार्ड पुरलं नाही म्हणून कडेला उभं लिहिलंय, पत्त्याच्या खालीसुद्धा. पोस्टातल्या माणसाने ते आधी वाचलेलं होतं, मला देताना म्हणाला, "वाऱ्याचं लक्षात ठेव."

मी भाऊजींकडे कार्ड घेऊनच गेलो. ते पाण्याच्या टाकीजवळ ब्लोअरवाल्याशी दिवस ठरवत होते. ब्लोअरवाला म्हणजे ट्रॅक्टरवरून न उतरता चहा पिणारा माणूस. मी सरळ वाचायला लागलो. "ब्लोअर बांधाजवळ नको. शेवटच्या दोन रांगा पाठीवरच्या पंपाने. मोठ्या भोकाचे नोझल, दाब कमी. थेंब जाड पडला पाहिजे, धुके नको. वारा पडलेला असताना मारू नको, धुके लटकते आणि कुठेही जाते. हलका वारा मुंग्यांकडून येऊन तुझ्या पाठीला लागला पाहिजे. बांधाकडे पाठ, तोंड आत."

ब्लोअरवाल्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "वारा पडल्यावरच मारतात सगळे."

"म्हणूनच उडतं," मी म्हणालो. हे कार्डात नव्हतं. ऐटीत बोलून गेलो.

भाऊजींनी कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "कुणाचं हे?"

"वडिलांचं. फवारणीवाले आहेत. आयुष्यभर तेच."

"फवारणीवाल्याचा मुलगा तू? आणि मुंग्यांमागे पळतोस?"

त्यांनी कार्ड परत न देता खिशात घातलं.

"बरं, ठीक आहे," भाऊजी म्हणाले. "ब्लोअर दोन रांगा सोडून फिरेल. पण त्या दोन रांगांवर ढेकूण ठेवणार नाही मी. पाठीवर पंप घेऊन मारणार कोण? हा तर ट्रॅक्टरवरून उतरत नाही."

ब्लोअरवाला हसला. काकू बांधावर उभ्या राहून झाडाकडे बघत होत्या. गडीमाणसांनी इकडेतिकडे बघितलं.

"मी मारतो," मी म्हणालो.

काकूंनी पहिल्यांदा झाड सोडून माझ्याकडे बघितलं.

बाबा, तुम्हाला वाटतं मला कामाचा कंटाळा आला म्हणून मी निघालो. मीही तेच सांगत फिरतो, सोपं पडतं. आत्याकडच्या लग्नाला निघालो होतो त्या दिवशी तुम्हाला शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं. बोटं बटणाशी जायची, थरथरायची, परत खाली यायची. मग तुम्ही आरशाकडे पाठ केलीत आणि आईला हाक मारलीत. मी दारात होतो. तुम्हाला दिसलो नाही. त्यानंतर पंपाचा पट्टा खांद्यावर घेतला की मला दांड्यावरची माझीच बोटं दिसायची. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही कुणाला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुमचं अक्षर बसमुळे वाकडं आलेलं नाही हे मला मागच्या पत्रातही माहीत होतं.

असो. मोठ्या भोकाचं नोझल इथल्या दुकानात नाही. दुकानदार म्हणाला, सगळ्यांना बारीकच लागतं, बारीक उडालं की औषध पुरवठ्याला येतं. तुमच्या ओळखीत कुठे मिळत असेल तर कळवा. ब्लोअर यायला अजून आठवडा-दहा दिवस आहेत.


१६ जुलै

बाबा,

पार्सल मिळालं. जुन्या चादरीची चिंधी, त्यावर दोरा. गाठ आईची होती, ती नेहमी दोन उलट्या गाठी मारते आणि त्या सुटत नाहीत. दातांनी सोडवली. आत तुमचं पितळी नोझल. अंगठा लागून लागून एका बाजूला गुळगुळीत झालंय तेच, लहानपणी मी शिट्टी समजून वाजवायचो आणि तुम्ही ओरडायचात, "तोंडाला लावू नकोस!" तेव्हा वाटायचं, खेळणं दिलं नाही.

चिंधीच्या घडीत कार्डाचा तुकडा. "हातमोजे घाल. मी घातले नाहीत."

हे मी बऱ्याच वेळा वाचलं. शिंप्याचं मशीन चालू होतं, ग्लासात रेषा उठत होत्या. मग खाली गेलो आणि शिंप्याला विचारलं, हातमोजे कुठे मिळतात. तो म्हणाला, "थंडी कुठाय?"

आता कामाचं सांगतो, ते तुम्हाला हवं असेल.

बांधावरच्या फांद्या दोन्हीकडून एकमेकीत शिरल्या होत्या. आधी त्या छाटल्या, बांधाजवळच्या सुतळ्या सोडल्या, आणि बांधाकडच्या खोडांना राखेचे पट्टे दिले. नाहीतर धुकं अडवून उपयोग काय, मुंग्या स्वतःच चालत औषधाकडे जायच्या. हे तुम्ही लिहिलं नव्हतं, मला सुचलं. बरोबर ना? एका काठीला शिंप्याकडची पातळ कापडाची पट्टी बांधून बांधावर रोवली. वारा कुठून ते दिसायला.

ठरलेल्या दिवशी सकाळी पट्टी सरळ खाली लोंबत होती. पानसुद्धा हलत नव्हतं. ब्लोअरवाला खूश. "चला, झकास हवा आहे."

"आज नाही," मी म्हणालो.

भाऊजी चिडले. "अरे, ट्रॅक्टर आला, औषध आलं, माणसं आली! तुझ्या चिंधीसाठी थांबायचं?"

"तुम्ही मधल्या रांगा मारून घ्या. बांधाकडच्या पाच-सहा रांगा आणि माझ्या दोन उद्या."

"उद्या वारा तुझ्या वडिलांचं ऐकून येणार आहे?"

काकू बांधावरून म्हणाल्या, "भाऊजी, इतकी वर्षं तुम्ही माझं ऐकलं नाहीत. एक दिवस त्याच्या वडिलांचं ऐका."

भाऊजींनी ऐकलं. का ते माहीत नाही. बहुतेक तेही कार्डाचं उभं लिहिलेलं अक्षर विसरले नसावेत.

दुसऱ्या दिवशीही सकाळी वारा नव्हता. ऊन जरा चढलं आणि पट्टी हलली. आमच्याकडून त्यांच्याकडे, हलकी, बोटभर. ब्लोअर दोन रांगा सोडून पलीकडे फिरला. मी पंप उचलला.

पट्टा खांद्यावर जिथे बसायचा तिथेच बसला. खांद्याला आठवत होतं. हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल, पूर्ण बाह्या. आत घाम नुसता वाहत होता. बांधाकडे पाठ, तोंड आत. तुमच्या नोझलमधून थेंब असे पडत होते की पानावर टपटप ऐकू यायचं. तुमच्या मागून नळी धरून चालायचो तेव्हाही तो आवाज ऐकलाय, पण तेव्हा मला नुसता वास यायचा. तुम्ही दांडा मारताना मध्येच थांबून पान उलटं करून बघायचात, मला वाटायचं दम लागलाय. काल मीही उलटं करून बघितलं. खालची बाजू कोरडी राहिली होती.

पंप टाकीवर धुतला, नोझल वेगळं धुतलं. हात साबणाने दोनदा.

संध्याकाळी काकू आणि मी राणीच्या झाडाखाली उभे राहिलो. मुंग्या खोडावर वरखाली करत होत्या, राखेच्या पट्ट्याशी येऊन माघारी वळत होत्या. "औषध लागलं असेल तर कधी कळेल?" मी विचारलं.

"लागलं असतं तर एव्हाना पडायला लागल्या असत्या," काकू म्हणाल्या. "पण मी आत्ता काही बोलणार नाही. नवं घरटं शिवायला घेतलं की बोलेन."

म्हणून मीही काही बोलत नाही.


८ ऑक्टोबर

बाबा,

मध्ये लिहिलं नाही. उगाच अर्धवट कळवण्यापेक्षा पूर्ण कळवू म्हटलं. तुमचंही कार्ड नव्हतं, पण आईचं आलं होतं. त्यात "हे रोज पोस्टमनची वाट बघतात, सांगू नकोस" असं लिहिलंय. सांगितलं.

राणीच्या झाडावर पुढच्याच आठवड्यात नवं घरटं आलं. कोवळी पानं, कडेला पांढरं रेशीम. काकूंनी ते बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाल्या, अगदी तुमच्यासारखं. मग घरात जाऊन माझ्यासाठी चहा केला, जे त्या कधी करत नाहीत. रिकाम्या रांगेत आम्ही बांधाकडच्या घराण्याची वाट हळूहळू नेली. या वेळी प्रत्येक झाडाला काडीवरची मुंगी सोडून पारख केली. सुतळीचा एक तुकडासुद्धा न विचारता बांधला नाही. त्या रांगेतली फळं बरीच गळली होती, ती मात्र परत येत नाहीत.

परवा माल उतरला. व्यापाऱ्याचा माणूस आला, त्याने क्रेटमधून उचलून उचलून फळं बघितली, काही कापली. दोन्हीकडचे क्रेट शेडमध्ये एकावर एक लागलेले, कुठला कुणाचा ते गड्यांनाही आठवत नव्हतं. काकू दाराशी पाठ करून उभ्या. समोर झाड नव्हतं तर भिंतीकडे बघत होत्या.

"सगळं सारखंच आहे," तो माणूस म्हणाला. "चांगला माल आहे."

भाऊजींचा विश्वास बसेना. "असं कसं सारखं? यात वहिनींचं कुठलं?" म्हणून ते एकेक क्रेट ओढून बघायला लागले. तिसऱ्या की चौथ्या क्रेटमध्ये हात घातला आणि "आई गं!" करून ओरडले. बोटाला मुंगी लटकलेली.

"हे वहिनींचं," असं म्हणून बोट झटकत खाली बसले. शेडमधले सगळे हसले. व्यापाऱ्याचा माणूसही हसला, पण क्रेटपासून जरा लांब सरकून.

काकूंनी राख आणून दिली. भाऊजी बोटाला चोळत म्हणाले, "राहू द्या तुमचं सैन्य. पण पुढच्या वर्षीही माझ्या बांधावरच्या दोन रांगा हाच मारणार. ब्लोअरवाला नको." मग माझ्याकडे वळून, "वडिलांना सांग, कार्ड मी ठेवून घेतलंय. परत देणार नाही."

तेव्हा ते कार्ड त्यांच्याकडे आहे. नोझल माझ्याकडे. खिशात चिंधीतच ठेवतो.

माल उतरला की झाडांना आणि माणसांना जरा उसंत असते. काकू म्हणाल्या, "जाऊन ये चार दिवस. पण ये हं. मुंग्यांना नवा माणूस सारखा सारखा चावायला आवडत नाही." बाबा, मी पुन्हा येणार आहे इथे. हे आधीच सांगतो, नंतर 'सांगितलं नाहीस' नको. मुंग्यांचं काम सोडायचं नाही असं वाटतंय. असं पहिल्यांदाच वाटतंय, त्यामुळे मला त्याची सवय नाही, आणि तुम्हालाही नसेल.

आता मुख्य विचारायचं ते. बस स्टँडवर तुम्ही म्हणाला होतात, पंप उचलशील त्या दिवशी घरी ये. मी उचलला. फक्त दोन रांगांसाठी, तेही पलीकडच्या मुंग्या वाचाव्यात म्हणून. तुमच्या मनात असला पंप नव्हता हे मला कळतं. हे धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. खोटा हिशोब सांगून मला दारात उभं राहायचं नाही.

शिंप्याने मला एक शर्ट शिवून दिलाय, तुमच्या मापाचा, अंदाजाने. पोटाबद्दल काही बोलायला मिळालं नाही म्हणून तो नाराज आहे. शर्टाला बटणांऐवजी पुढे चेन लावून घेतली. त्याला ते पटत नव्हतं, शर्टाला चेन कोण लावतं म्हणाला, मी म्हटलं लाव. पोस्टाने पाठवत नाही. आलो तर घेऊन येईन.

लांब लिहू नका. हाताला त्रास होतो. कार्डावर नुसतं "हं" लिहिलंत तरी मी निघेन.